पट्टी बदलण्याची मुभा

गाणे साठवून ठेवायच्या दोन रीती आहेत. ते कसे वाजवायचे याची नोंद ठेवायची ही एक, आणि वाजलेला आवाजच धरून ठेवायचा ही दुसरी. नाशिकला या दोन्ही रीती एकाच घरात, बाप-लेकांत सापडतात. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, शिकवण्याच्या सोयीसाठी स्वतःची स्वरलिपी बांधली, तिच्यात पुस्तकामागून पुस्तके छापली आणि आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला रामनाम आधार आश्रम उभारला. त्यांचे पुत्र दत्तात्रेय, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले आणि १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. वडिलांचे काम आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः छापील पानांतून, मुलाचे गाणे आले ते ध्वनिमुद्रिकांतून. वडिलांच्या पुस्तकातली बंदिश आज कोणीही आपल्या पट्टीत, आपल्या लयीत म्हणू शकतो, मात्र त्यासाठी गाता यावे लागते. मुलाची ध्वनिमुद्रिका कोणालाही ऐकता येते, पण तिची पट्टी तीच, लय तीच, लांबीही तीच. गेल्या तीसेक वर्षांत नाशिक जिल्ह्यातल्या मांडवांत, वरातींत आणि मिरवणुकांत वाद्यांचे जे झाले, ते समजून घ्यायला मला या फरकाहून चांगली किल्ली सापडत नाही.

कीबोर्डमधला सिक्वेन्सर बरा की संगणकावरचे सॉफ्टवेअर, हा वाजवणाऱ्यांमधला जुना वाद. त्याचे ठरलेले उत्तर असे की सॉफ्टवेअर सरस होते, म्हणून त्याने कीबोर्डला मागे टाकले. पडदा मोठा, ट्रॅक हवे तेवढे, चुकले तर एक कळ दाबून मागे जायची सोय. मग कीबोर्डच्या वीतभर पडद्यात डोळे घालून कोण बसणार? मुंबईच्या स्टुडिओपुरते हे उत्तर बरोबर आहे. पण निफाड, सटाणा, कळवण, सुरगाणा या भागात संगीताचे गिऱ्हाईक म्हणजे लग्नघर, मंडळ आणि जत्रा. तिथे ते उत्तर पुरत नाही, कारण तिथे बँडच्या गाडीवर कीबोर्ड आजही उभा आहे आणि त्याच गावात संगणकावर गाणी बनवणारी पोरेही आहेत. एकाने दुसऱ्याला हटवलेले नाही. माझे म्हणणे असे की सिक्वेन्सरने गाण्याची नोंद थेट मांडवापर्यंत नेली, आणि संगणकाने नोंद खोलीत ठेवून तिचा आवाज तेवढा मांडवात धाडला. ऐन वेळी गाणे बदलायची मुभा त्यामुळे कोणाच्या हातात राहिली आणि कोणाच्या हातून सुटली, हा या इतिहासाचा गाभा आहे. आवाज किती झकास, ही त्यामानाने दुय्यम बाब.

सिक्वेन्सर हे नाव जड वाटले तरी त्याचे काम साधे आहे. वादकाने कळ दाबली की तो आवाज साठवत नाही. कोणती कळ, मात्रेच्या कोणत्या भागावर, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच तो टिपून ठेवतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी ही टिपणे एकमेकांना कशी सांगायची, याची भाषा १९८३ साली ठरली. तिचे नाव मिडी. या भाषेत एक सूर सुरू करायला तीन बाइट लागतात. पहिला सांगतो की सूर सुरू झाला आणि सोळांपैकी कोणत्या चॅनेलवर, दुसरा शून्य ते १२७ यांपैकी कळीचा आकडा सांगतो आणि तिसरा दाबाचा. आवाज बासरीचा की संबळीचा, हे त्या तीन बाइटांत कुठेच नसते. ते समोरच्या वाद्यावर सोडलेले असते, जसे स्वरलिपीतली बंदिश कोणत्या गळ्यातून निघणार हे पुस्तक ठरवत नाही. मिडीच्या आधीही हा विचार आपल्याकडे येऊन पोचला होता. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत दहा रागांवर एक तबकडी मुद्रित केली. रोलंड कंपनीचे बेस वाजवणारे टीबी-३०३, ताल देणारे टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही वाद्ये त्यांनी एकमेकांना जोडली होती. पहिल्या दोन यंत्रांत सुरांची आणि ठेक्याची नोंद आधी भरून ठेवता येई, ती यंत्रे आपापले वाजवत राहत आणि हात मोकळे राहत ते रागाची बढत करायला. त्या तबकडीकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर तिची चर्चा झाली. मला त्यात महत्त्वाची वाटते ती कामाची वाटणी: ठरलेले ते यंत्राकडे, न ठरलेले ते हाताकडे.

ही वाटणी एकाच वाद्याच्या पोटात बसवून विकली ती कोर्गच्या एम-१ने, १९८८ मध्ये. ६१ कळा, एका वेळी १६ सूर, आणि आत आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर. त्यात दहा गाणी आणि शंभर पॅटर्न मावत, पण सगळी मिळून नोंदी ७,७०० पर्यंतच. आज ही मर्यादा ऐकून नव्या पोरांना नवल वाटेल. पण तिच्यातून एक शिस्त आली. पूर्ण गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरत बसणे परवडत नसे, म्हणून ठेक्याचा एक पॅटर्न बांधायचा आणि तो हवा तितक्या वेळा लावायचा. धृपदाचा एक, अंतऱ्याचा एक, अंतऱ्यातून धृपदावर येण्याच्या उचलीचा एक. ढोलकीवाला डोक्यात गाणे असेच ठेवतो. पुढे १९९६ मध्ये रोलंडचा एक्सपी-८० आला, त्यात १६ ट्रॅक आणि ६०,००० सूर. १९९९ मध्ये कोर्गचा ट्रायटन आला, त्यात दोन लाख. दोन्हींना फ्लॉपीची सोय होती. १.४४ मेगाबाइटची ती फ्लॉपी म्हणजे काय, हे हिशेबानेच कळते. सीडीच्या दर्जाचा आवाज एका सेकंदाला १,७६,४०० बाइट खातो, म्हणजे त्या फ्लॉपीवर जेमतेम आठ सेकंदांचे गाणे मावेल, मुखड्याची एक ओळसुद्धा धड नाही. तेच गाणे नोंद म्हणून ठेवले आणि त्यात पाच हजार सूर धरले, तरी चाळीस हजारांच्या आसपास बाइट होतात. म्हणजे एका फ्लॉपीवर तीस-पस्तीस गाणी, ऑर्केस्ट्राच्या एका रात्रीचा अख्खा कार्यक्रम शर्टाच्या खिशात.

खिशात मावण्याइतकीच दुसरी गोष्ट मोलाची होती. कार्यक्रमात गायिका म्हणते, आज घसा बसलाय, काळी चारला नको, पांढरी पाचला घ्या. हार्मोनियमवाला हात एक घर सरकवतो आणि गाणे सुरू होते. सिक्वेन्सरवालाही तेच करू शकतो. ट्रान्सपोजचा आकडा एकाने खाली आणला की सोळाही चॅनेलांवरचे सूर अर्धा स्वर उतरतात. त्यातही एक मेख आहे. ड्रमच्या ट्रॅकवर प्रत्येक कळ म्हणजे वेगळे वाद्य असते, एका कळीवर ढोल, शेजारच्या कळीवर झांज. तोही ट्रॅक उतरला तर ढोलाच्या जागी भलतेच वाद्य वाजेल. म्हणून या वाद्यांत ताल वगळून बाकीचे उतरवायची सोय असते. लयीचेही तसेच. एक्सपी-८० एका मात्रेचे ९६ भाग करून नोंद ठेवतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक भाग साधारण पाच मिलिसेकंदांचा, १०० मात्रांच्या लयीत सव्वासहाचा. भाग लांब झाले, गाणे संथ झाले, पण ना आवाज फाटला ना सूर खाली गेला. नोंद असल्याचा हा फायदा आहे. समोर नाचणारी माणसे तापली की लय चढवायची, गुरुजींनी मंगलाष्टकांची घाई केली की अंतरा गाळून शेवटच्या धृपदावर यायचे, वन्स मोअर आला की तेवढाच पॅटर्न पुन्हा लावायचा. हे सगळे त्या क्षणी, त्या माणसाच्या बोटाने.

जिल्ह्याच्या पश्चिम आणि उत्तर टोकाला गेले की या मुभेची खरी किंमत दिसते. सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण या तालुक्यांतल्या कोकणा, भिल्ल, महादेव कोळी, वारली समाजांत नाच हा तीन-चार मिनिटांच्या गाण्याचा मामला कधीच नव्हता. मार्गशीर्षातल्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरीवाला आपले फुंकवाद्य वाजवतो आणि फेर चालतो तो नाचणाऱ्यांच्या दमावर. बोहाड्यात मुखवटा घातलेले सोंग येते तेव्हा संबळ आणि पिपाणी त्या सोंगाच्या चालीवर वाजतात, सोंग बदलले की चाल बदलते. लग्नातही तसेच. वाजंत्री नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वाजवतो. या लग्नांत जेव्हा कीबोर्ड आला, तेव्हा त्याने नेमकी हीच जागा घेतली. ठेका सिक्वेन्सरमध्ये किंवा कीबोर्डात आयत्या भरलेल्या स्टाइलमध्ये फिरत राहतो, तालाच्या पॅडवर काठ्या मारणारा ऑक्टोपॅडवाला त्यात भर घालतो आणि पिपाणीचा, पावरीचा टोन लावून उजवा हात तासन् तास वाजवत राहतो. बाजाराने ही मागणी ओळखली. यामाहाने भारतीय स्टाइल आणि टोन घालून पीएसआर-आय मालिकेतले कीबोर्ड काढले, रोलंडचा एक्सपीएस-१० भारतीय वादकांना समोर ठेवून आला. कंपनीने दिलेल्या टोनवर गावातला वादक थांबला नाही. संबळीचा खडा आवाज, पिपाणीची किनार, टिमलीचा ठेका यांचे टोन जाणकार मंडळी स्वतः बनवतात आणि पेनड्राइव्हवर देतात-घेतात. ज्याला आपण बाहेरचे यंत्र म्हणतो त्यात पावरी भरणारी ही माणसे माझ्या लेखी वाद्य बनवणारीच आहेत. सुतार लाकडाचे वाद्य घडवतो, हे आकड्यांचे घडवतात.

आता संगणकाकडे. आरंभी संगणकही नोंदच ठेवत होता, हे विसरले जाते. १९८५ साली आलेल्या अटारी एसटी या संगणकाला मिडीच्या खिडक्या मुळातच होत्या, १९८९ मध्ये त्यावर क्यूबेस हे सॉफ्टवेअर आले, आणि तेव्हा या सगळ्या सरंजामात आवाज काढायचे काम बाहेरच्या वाद्यांचेच होते. संगणक फक्त सांगायचा, वाजवायचे कीबोर्डने. फाटा फुटला तो १९९०च्या दशकाच्या मध्यावर, संगणकाच्या पोटात आवाजही राहू लागला तेव्हा. १९९६ मध्ये क्यूबेसमध्ये व्हीएसटी हे आवाज संगणकाच्या आतच हाताळायचे तंत्र आले आणि पुढे वाद्येच सॉफ्टवेअरची होऊ लागली. १९९७ च्या अखेरीला बेल्जियममधून फ्रूटीलूप्स निघाले, २००३ मध्ये त्याचे नाव एफएल स्टुडिओ झाले. महाराष्ट्रातल्या गल्लीगल्लीतल्या डीजे मिक्सचा कारखाना बहुतांशी याच एका प्रोग्रामवर चालतो. गंमत म्हणजे त्याच्याही आत मात्रेचे भाग मुळात ९६ च धरलेले असतात, जुन्या एक्सपी-८० इतकेच. आतली नोंद तशीच, पट्टी आणि लय बदलायची सोयही तशीच. मग फरक कुठे पडला? फरक पडला खोलीच्या दारात. काम झाले की पोरगा गाणे एक्स्पोर्ट करतो आणि दाराबाहेर पडते ती एमपी३. नोंद खोलीत राहते, मांडवात आवाज जातो. मोठ्या पलुस्करांचे पुस्तक घरी आणि धाकट्यांची ध्वनिमुद्रिका बाजारात, अशी ही वाटणी.

याचा सर्वांत बोलका पुरावा नाशिकच्याच नावाचा आहे. नाशिक ढोल. टिपरू आणि हात यांनी वाजणारा हा ढोल आणि त्याच्या जोडीचा ताशा मुंबई-गुजरातपर्यंत आणि त्याही पलीकडे वरातींत गेला. आज नाशिक ढोल हे नाव वाद्याइतकेच एका लुपचे आहे. संगणकावर मिक्स करणाऱ्याच्या फोल्डरात ते संबळ आणि हलगीच्या शेजारी असते आणि त्याच्या नावापुढे बहुधा एक आकडा असतो, मिनिटाला किती मात्रा. तो आकडा त्या ढोलाची लय एका जागी खिळवतो. खरा ढोलवाला गल्ली अरुंद झाली की हात आवरतो, चौक आला की सोडतो. ताशेवाला तर्री वाढवत नेतो तेव्हा ढोलवाले कानाने त्याच्यामागे जातात. लुपमधला ढोल एकदाच वाजलेला आहे. तो उत्तम वाजलेला असेल, आणि बहुधा असतोच, पण समोरचा चौक त्याला दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: मांडवातल्या वादकाची भाकरी आधी सिक्वेन्सरनेच हिरावली, मग त्याचे गोडवे कशाला? बेस गिटारवाला, ड्रमवाला, व्हायोलिनचा ताफा, सगळे एका कीबोर्डात गेले. ऑकलंड विद्यापीठाचे ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या चित्रपट वादकांच्या मुलाखतींवर ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक २००८ मध्ये लिहिले. १९९०च्या दशकात मोठे वाद्यवृंद कसे ओसरले आणि शेकडो वादकांचे रोजचे काम कसे गेले, ते त्यात त्या वादकांच्याच तोंडून आले आहे. जिल्ह्याच्या ऑर्केस्ट्रांनी मुंबईचा कित्ता गिरवला. बारा-पंधरा वादकांच्या जागी चार-पाच आले, सुपारीचे पैसे तेवढ्यांतच वाटले जाऊ लागले. हे नुकसान मी नाकारत नाही, त्याला छोटेही म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच की त्या चार-पाचांत निदान एक जण असा उरला, ज्याच्या हातात गाणे जिवंत होते. पट्टी त्याला कळत होती, अंतरा गाळायचा की नाही हे तो ठरवत होता, आणि सिक्वेन्स भरण्यासाठी त्याला कॅसेट उलटसुलट ऐकून प्रत्येक वाद्याचा पीस स्वतः काढावा लागत होता. बेसची ओळ कानाने शोधून काढणारा माणूस संगीत शिकत असतो. गायकाचा आवाज वगळलेला तयार मायनस ट्रॅक पेनड्राइव्हवर घेणाऱ्याला ते शिकायचे कारणच पडत नाही. वादक कमी होणे आणि वादनाचे ज्ञान कमी होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली सिक्वेन्सरने घडवली, दुसरी आवाजाच्या फाइलीने.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि त्यापुढे मला बरेच मान्य करावे लागते. चांगला वर्कस्टेशन कीबोर्ड लाखाच्या घरात जातो. जुना संगणक आणि कुठून तरी मिळवलेले सॉफ्टवेअर त्याच्या अंशाने पडते. ज्या घरांत हार्मोनियमही कधी आली नाही, त्या घरांतल्या पोरांनी संगणकावर गाणी केली. मालेगाव, बागलाण आणि कळवणच्या पट्ट्यात बोलली जाणारी अहिराणी आकाशवाणीवर आणि कॅसेटच्या बाजारात दुय्यमच राहिली होती. आज यूट्यूबवर अहिराणी गाण्यांचा पूर लोटला आहे, आणि तो मुंबईच्या परवानगीविना आला. भीमगीतांचेही तसेच. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या वामनदादा कर्डकांची गाणी हार्मोनियम-ढोलकीच्या गायन पार्ट्यांनी गावोगाव नेली, आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तीच परंपरा नव्या ठेक्यांवर वाजते, ते ठेके वस्तीतल्याच पोरांनी खोलीत बसून बांधलेले असतात. ज्यांना स्टुडिओने दार उघडले नाही त्यांनी स्वतःचे दार केले, याचे मोल कमी करणारा कोणताही युक्तिवाद मला नको आहे. पण गाणे तयार करण्याचे स्वातंत्र्य आणि गाणे वाजवतानाचे स्वातंत्र्य ही एकच वस्तू नव्हे. पहिले संगणकाने अफाट वाढवले. दुसरे त्याच वेळी घटले, आणि घटले ते त्याच वस्त्यांत, जिथे गायन पार्टीचा पेटीवाला श्रोत्यांकडे बघून कडवे लांबवत असे.

तिसरा आक्षेप तंत्राचा. आवाजाची लय ताणता येत नाही हे जुने झाले. एबलटन लाइव्ह २००१ मध्ये आले तेच मुळी आवाज ताणत-आखडत मंचावर वाजवायला, आणि आता मोबाइलसुद्धा पट्टी बदलून देतो. हे खरे आहे. दोन-चार मात्रा वर-खाली केल्या तर कानाला कळतही नाही. पण सगळी वाद्ये एका आवाजात मिसळली की ताणता येते ती अख्खी मोट. बासरी तेवढी थांबव, संबळ चालू ठेव, हे मिसळलेल्या आवाजाला सांगायला जास्तीची यातायात करावी लागते, आणि ती करूनही खरकटे उरते. शिवाय मांडवाचा आपला एक कायदा आहे. वैशाखातली धूळ, डिझेलच्या जनरेटरचा वरखाली होणारा दाब, गाडीचे हादरे. तिथे लॅपटॉपवर भरवसा ठेवायला वादक धजत नाही. अर्थात कीबोर्डही या कायद्यातून सुटलेला नव्हता. एक्सपी-८० आणि ट्रायटन यांची वीज गेली की सिक्वेन्सरच्या स्मृतीतले गाणे पुसले जाई. जनरेटर बंद पडला की पुन्हा फ्लॉपी घाला, पुन्हा लोड करा, आणि तोवर ऑक्टोपॅडवाल्याने आणि निवेदकाने पब्लिक धरून ठेवायचे. वाद्याच्या या उणिवेतही माणसाला काम होते.

मिरवणुकीत हा फरक रस्त्यावर येऊन उभा राहतो. नाशिकची मुख्य गणेश विसर्जन मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि जुन्या शहरातून गोदाघाटाकडे जाते. रस्ते अरुंद, मंडळे ओळीने, पुढचा थांबला की मागचा थांबतो. ढोलपथक किंवा लेझीमपथक त्या थांबण्याला आपल्या खेळात घेते, जागच्या जागी नवी चाल धरते. ध्वनिक्षेपकांची भिंत तसे करू शकत नाही. ती फक्त वाजत राहते किंवा बंद होते, म्हणून तिच्याकडे एकच उपाय उरतो, आवाज वाढवण्याचा. गोंगाटाची तक्रार डेसिबलच्या भाषेत मांडली जाते आणि कायद्याला तीच भाषा समजते. सप्टेंबर २०१८ मध्ये विसर्जनाच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयाने डीजे-डॉल्बीवरच्या बंदीला स्थगिती द्यायला नकार दिला, तेव्हाही वाद आवाजाच्या पातळीचाच होता. माझ्या मते पातळी हे लक्षण आहे. जे वाद्य समोरच्या माणसाला उत्तर देऊ शकत नाही, त्याच्याकडे बोलायला आवाजाच्या चढीखेरीज काही राहत नाही.

नोंद किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण मराठीतच आहे. ‘सैराट’चे वाद्यवृंदाचे तुकडे अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केले. मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या वादकांनी कागद बघून ते वाजवले. कागदावरच्या नोंदीला तेवढी ताकद असते. मग आपल्या मांडवांतल्या नोंदींचे काय झाले? त्या फ्लॉप्यांवर आहेत, आणि फ्लॉपी पावसाळ्यात बुरशी धरते. एम-१ची स्मृती आतल्या एका बॅटरीवर जगत असे, बॅटरी मेली की दहाही गाणी गेली. शिवाय प्रत्येक कंपनीची साठवण्याची रीत निराळी. ज्यांनी प्रमाण मिडी फाइल करून ठेवली, त्यांची गाणी आजही कोणत्याही संगणकावर उघडतात. ज्यांनी ठेवली नाही, त्यांची गाणी त्या विशिष्ट कीबोर्डाबरोबर भंगारात जाण्याच्या मार्गावर आहेत. १९९०च्या दशकात जिल्ह्यातल्या ऑर्केस्ट्रांनी आणि गायन पार्ट्यांनी कोणत्या गाण्याला कोणता ठेका लावला, कोणते पीस मूळचे ठेवले आणि कोणते स्वतःचे घातले, याचा एवढा बारीक पुरावा दुसरीकडे कुठेही नाही. कॅसेटवर सगळे एकत्र मिसळलेले ऐकू येते. फ्लॉपीवर प्रत्येक वाद्य आपापल्या ट्रॅकवर सुटे आहे, वादकाचा हात कुठे घाईत होता आणि कुठे रेंगाळला, हे मात्रेच्या ९६ व्या भागापर्यंत दिसते.

संगीताच्या अभ्यासकांनी आणि शहरातल्या वाचनालयांनी जुन्या वाद्यांबरोबर या फ्लॉप्याही गोळा कराव्यात, जुना ड्राइव्ह जोडून त्यांच्या प्रती काढाव्यात आणि त्या मिडी फाइलींत उतरवाव्यात, असे मला मनापासून वाटते. काम अवघड नाही, पण ते हे कीबोर्ड वाजवणारे लोक हयात आहेत तोवरच व्हायला हवे. कारण नोंदीत टोन नसतो. ती फक्त आकडा सांगते, अमुक बँकेतला अमुक टोन, आणि त्या जागी वादकाने स्वतः बनवलेली पिपाणी होती की कंपनीची सनई, हे फाइल उघडून कळणार नाही. ते बहुतेक वेळा एका वहीत असते. डावीकडे गाण्याचे नाव, पुढे गायकाची पट्टी, टेम्पोचा आकडा, टोनचा आकडा, आणि समासात पेन्सिलीने, दुसरा अंतरा वेळ असला तरच.